गुडघा सांगतो, डोस द्यायचा की थांबायचं

लेबर रूममधली सिस्टर बाईच्या गुडघ्याखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकते. पाय किंचित उडतो. मग घड्याळ लावून ती श्वास मोजते, लघवीच्या पिशवीवरचा आकडा बघते आणि तेव्हाच पुढचं इंजेक्शन भरायला घेते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना हा उगाच वेळकाढूपणा वाटतो, पण सगळी सुरक्षितता याच दोन मिनिटांत असते.

औषध असतं मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डातल्या बोलीत ‘मॅगसल्फ’. गरोदरपणात बीपी चढून झटके येतात, त्या एक्लॅम्प्सियावरचा हा जुना आणि स्वस्त उपाय. झटके येण्याआधीच दिलं तर ते टळतात का, हे ‘मॅग्पाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांवर तपासलं गेलं. निष्कर्ष २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

मात्र गुण आणि घात यांत अंतर थोडं. रक्तात एरवी लिटरमागे दीड ते दोन मिलीइक्विव्हॅलंट मॅग्नेशियम असतं. उपचारासाठी ते साधारण ४ ते ७ पर्यंत न्यावं लागतं. दहाच्या आसपास गुडघा उडेनासा होतो. बाराच्या पुढे श्वास थांबू शकतो. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जायचा तर तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरावं लागतं, आणि मॅग्नेशियम नेमकी तीच वाट अडवतं. सुदैवाने श्वासाच्या आधी गुडघा गप्प होतो. सिस्टरच्या हाती असलेला अवधी तेवढाच.

लघवी कशाला मोजायची? मॅग्नेशियम शरीराबाहेर पडतं ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून, आणि हा आजार मूत्रपिंडालाही सोडत नाही. म्हणजे मोजूनमापून दिलेला डोससुद्धा आत साचत जाऊन जास्त होऊ शकतो, कोणाचीही चूक नसताना. म्हणून चार तासांत किमान १०० मिलिलिटर लघवी आणि मिनिटाला किमान १६ श्वास असल्याशिवाय पुढचा डोस नाही. गुडघा उडाला नाही, तर इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना हाक. श्वास मंदावला, तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश. त्याची अँप्युल आधीपासून ट्रेमध्ये काढून ठेवलेली असते.

यात नुसता तक्ता पाठ असून भागत नाही. सिझेरियनसाठी कमरेत भूल दिली असेल, तर गुडघा तसाही उडत नाही; जाणती सिस्टर तेव्हा कोपराशी ठोकून बघते. शिरेतून औषध जाताना अंग तापल्यासारखं होतं, ते अपेक्षितच. ‘गरम वाटेल हं, घाबरू नकोस,’ असं ती आधीच सांगून ठेवते. पण बाईला डोळे उघडे ठेवणं जड जाऊ लागलं, जीभ अडखळू लागली, तर ते नुसतं जागरण म्हणून ती सोडून देत नाही.

उपकेंद्रावरच्या एएनएमलाही पहिला डोस देता येतो: दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल इंजेक्शन आणि लगेच मोठ्या रुग्णालयाकडे रवानगी. अशा वेळी रेफर चिठ्ठीवर मात्रा आणि वेळ ठळक लिहिणं हाही उपचाराचाच भाग. ती नोंद राहिली, तर पुढचं रुग्णालय पहिला डोस पुन्हा देऊन बसेल.