व्यायामाची नोंदवही : एक उपेक्षित परीक्षासाधन

दशविध परीक्ष्य भावांमध्ये चरकाचार्यांनी व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले आहे. कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून ती प्रवर, मध्यम वा अवर ठरवावी, असा विमानस्थानातील अभिप्राय आहे. व्यवहारात मात्र आपण "व्यायाम करता का?" एवढेच विचारतो आणि "रोज करतो" हे उत्तर केसपेपरवर उतरवून पुढे जातो. नाडी व जिव्हा आपण स्वतः तपासतो. व्यायामाबाबत मात्र रुग्णाच्या आठवणीवर विसंबतो. ही आठवण कितपत विश्वसनीय असते, याचा धडा मला काही वर्षांपूर्वी मिळाला.

पन्नाशीचे एक शिक्षक प्रमेहाच्या चिकित्सेसाठी येत असत. आधुनिक औषधेही चालू होती. "रोज तासभर फिरतो," असे ते सांगत. मी त्यांच्या कागदावर 'व्यायाम नियमित' असे लिहिले. रक्तशर्करा मात्र आटोक्यात येईना. व्यायाम असूनही उपशय नाही, असे समजून मी औषधयोजना बदलली. माझा कागद पाहून त्यांच्या डॉक्टरांनीही गोळीची मात्रा वाढविली. पुढे मी त्यांना एक वही देऊन महिनाभर नोंद करण्यास सांगितले. ३० दिवसांपैकी ९ दिवसच भरले होते, तेही जेमतेम २५ मिनिटांचे. गृहस्थ खोटे बोलत नव्हते. फिरायला गेलेले दिवस त्यांच्या लक्षात होते, न गेलेले विस्मरणात गेले होते.

वही पाहून ते ओशाळले आणि खरोखरच रोज तासभर चालू लागले. आठवडाभरातच एके सकाळी घाम, कंप आणि डोळ्यांपुढे अंधारी! रक्तशर्करा एकदम उतरली होती. घरच्यांनी वेळीच साखरपाणी दिले म्हणून निभावले. न झालेला व्यायाम गृहीत धरून मात्रा वाढली होती. वही हाती येताच तिचा फेरविचार होणे आवश्यक होते. तो मी सुचविला नाही. चुकीचा आरंभ माझ्याच हातच्या त्या दोन शब्दांपासून झाला होता.

नोंद कशाची करावी?

दिनांक, वेळ, व्यायामाचा प्रकार आणि मिनिटे किंवा संख्या एवढे रकाने पुरेत. त्यांत एक रकाना आपल्या शास्त्राचा असावा : बलार्ध केव्हा झाले? तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ, नाक व काख येथे घाम येणे, मुखशोष ही लक्षणे कोणत्याही रुग्णास समजावून सांगता येतात. व्यायाम न झालेल्या दिवशी रकाना कोरा न ठेवता 'नाही' असे लिहून कारण द्यावे. नोंद त्याच दिवशी व्हावी. दवाखान्यात येण्याच्या आदल्या रात्री एकटाकी भरलेली वही अक्षरावरून ओळखू येते. तेव्हा न रागावता पुन्हा समजावावे. रागावणाऱ्या वैद्याला रुग्ण खरी वही दाखवीत नाही.

नोंद कशी वाचावी?

प्रगती केवळ वजनकाट्यावर मोजू नये. ज्याला प्रारंभी १० सूर्यनमस्कारांत बलार्धलक्षणे दिसत, त्याला ३ महिन्यांनी ती १८ नमस्कारांनंतर दिसू लागली, तर वजन तेवढेच असले तरी व्यायामशक्ती वाढली आहे. ऋतूचाही विचार हवा. शीतकाल व वसंत वगळता इतर काळी व्यायाम मंद असावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. म्हणून ग्रीष्मात उतरलेले आकडे ही अधोगती नव्हे. उलट आकडे चढत असताना तृष्णा, श्रम, कास वा ज्वर दिसल्यास अतिव्यायामाची शंका घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. ही बेरीजही नोंदीवाचून होत नाही.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनी प्रमेह व स्थौल्याच्या औषधांसोबत असे एक छापील कार्ड द्यावे आणि पुढील खेपेस ते घेऊन येण्यास सांगावे. खर्च अल्प, उपयोग मोठा.

आरंभ मात्र स्वतःपासून करावा. आठवड्यातून ५ दिवस व्यायाम करतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझ्या वहीच्या पहिल्या पानाने ते २ दिवस ठरविले. त्या दिवसापासून 'व्यायाम नियमित' हे शब्द मी वही पाहिल्याविना कोणाच्याही कागदावर लिहिलेले नाहीत.