ग्राहकांचे अभिप्राय आणि परत येणारा माल

कापडाच्या दुकानात गेलेले गिऱ्हाईक कापड बोटांनी चाचपून पाहते, दाराशी उजेडात नेऊन रंगाची खात्री करून घेते, आणि तरीही समाधान झाले नाही तर शेजारच्या दुकानाची पायरी चढते. इंटरनेटवरील खरेदीत यांपैकी काहीच शक्य नसते. २००७ साली बंगळूरमध्ये फ्लिपकार्ट निघाली, २०१३ साली ॲमेझॉनने भारतासाठी स्वतंत्र दालन उघडले, आणि न पाहिलेली वस्तू विकत घेण्याची सवय पाहता पाहता लहान गावांपर्यंत पोहोचली. स्पर्शाची जागा आता पूर्वीच्या ग्राहकांनी लिहिलेल्या मजकुराने घेतली आहे. अशा मजकुराला ‘परीक्षण’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्या शब्दात जाणकाराने केलेली चिकित्सा अभिप्रेत असते. येथे लिहिणारा जाणकार असेलच असे नाही. म्हणून ‘अभिप्राय’ हाच शब्द आम्हांस अधिक बरा वाटतो.

अभिप्राय जितके चांगले तितकी विक्री अधिक, हे उघडच आहे. त्यावरून माल परत येण्याचे प्रमाणही घटत असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही. अलेक मिनेमा व त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरील अभ्यास २०१६ साली ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एखाद्या वस्तूला दीर्घकाळात मिळालेल्या सरासरी पसंतीपेक्षा ग्राहकाच्या वाचनात आलेले अभिप्राय अधिक अनुकूल असतील, तर खरेदी वाढते; पण माल परत येण्याचा संभवही वाढतो, असे त्यांना आढळले.

याचे कारण फार दूर शोधावयास नको. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेल्या विवेचनानुसार ग्राहकाचे समाधान केवळ वस्तूच्या गुणांवर अवलंबून नसते. अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतरावर ते अवलंबून असते. सुरतेहून आलेली साडी मुळात वाईट नसते. पण ‘अगदी रेशमासारखी’ असे दहा जणींनी लिहिलेले वाचून जिने ती मागविली, तिच्या दृष्टीने ती साधी कृत्रिम धाग्याची साडी म्हणजे फसवणूकच ठरते.

मग अभिप्राय नसलेलेच बरे काय? तसेही नाही. नचिकेत साहू, क्रिसँथॉस डेलारोकास आणि शुभा श्रीनिवासन यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की अभिप्राय अपुरे असले म्हणजे ग्राहक साशंक होऊन एकाच प्रकारच्या अनेक वस्तू एकदम मागवितो आणि नको असलेल्या परत धाडतो. उपयोग होतो तो वर्णनाचा. ‘अप्रतिम’ या शब्दापेक्षा ‘खांद्याला घट्ट होतो, एक माप मोठे घ्यावे’ हे वाक्य कितीतरी मोलाचे आहे. दुर्दैवाने लेखणी उचलतात ते बहुधा अतिशय खूष झालेले किंवा अतिशय चिडलेले लोक; ज्याला वस्तू ‘बरी’ वाटली, तो गप्प बसतो.

परत आलेल्या मालाचा भार कोणावर पडतो, हे ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. तिरुप्पूरचा विणीव कपड्यांचा लहान विक्रेता घ्या. परत आलेले पुडके उघडून तपासावे लागते, डाग वा उसवलेली शिवण शोधावी लागते, इस्त्री करून नवे वेष्टन घालावे लागते. तोवर हंगाम संपला असेल, तर तो कपडा पडेल भावाने काढावा लागतो. जाण्यायेण्याच्या वाहतुकीचा खर्च निराळाच. (पैसे देण्याआधी दारातूनच परत पाठविलेल्या मालाची गोष्ट वेगळी, त्याची कारणे पुष्कळदा अभिप्रायांशी निगडित नसतात.) खोट्या स्तुतीने विक्री वाढविणारा विक्रेता अशा रीतीने स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो.

विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९००० हे मानक आले. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, पैसे देऊन लिहवून घेतलेला मजकूर प्रसिद्ध करू नये, अशा अपेक्षा त्यात आहेत. आरंभी मात्र ते ऐच्छिक होते. खोटेपणाला याने काहीसा पायबंद बसू शकेल. परंतु पुडके उघडल्याबरोबर, एकही धुणे होण्यापूर्वी, मनापासून लिहिलेली स्तुती खोटी नसते. आणि पुढच्या ग्राहकाच्या अपेक्षा तीही तितक्याच उंच नेऊन ठेवते.