कोड्याचा डबा आणि रानातील पावले

खजिनाशोधाचा खेळ आपल्या मुलांना नवा नाही. त्यात चिठ्ठ्यांच्या जागी अक्षांश-रेखांश आले की त्याला जिओकॅशिंग म्हणतात. जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने 2 मे 2000 रोजी काढून टाकली. तोवर जागा 100 मीटरपर्यंत चुकत असे. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज साधा मोबाइलही उघड्या माळावर 5 मीटरच्या आसपास नेमकेपणा देतो. खेळाच्या एका प्रकारात जागेचे काही आकडे कोडे सोडवून मिळवावे लागतात. शाळांना आम्हांला हाच प्रकार सर्वांत उपयोगी वाटतो.

परभणी जिल्ह्यात यासाठी जागांची वाण नाही. जिंतूरच्या टेकड्या आहेत, येलदरी धरणाचा काठ आहे, गोदाकाठची शिवारे आहेत. पण तेथे रोही, काळवीट आणि रानडुकरेही असतात. म्हणून कोडे रचताना एक गोष्ट आधी पाहावी: उत्तर शोधायला मुलांची पावले कोठे जातील?

‘टिटवीच्या घरट्यात अंडी किती?’ हा प्रश्न वरवर चांगला दिसतो. टिटवी मात्र उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. उन्हाळ्यात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे भिजवून येऊन त्यांना गारवा देते. पाच मुले भोवती घुटमळली की ती दूर ओरडत राहते आणि अंडी उन्हात तापतात. पाणवठ्यावरचे ठसे मोजायला लावणेही तसेच. माणसे असतील तोवर तहानलेले जनावर तेथे फिरकत नाही. तेव्हा उत्तर वर्गात, पुस्तकात किंवा रुळलेल्या वाटेवरूनच मिळावे.

समजा, रेखांश पूर्ण दिले आणि अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे लपवले: 19 अंश 15.कखग मिनिटे. ‘क’ म्हणजे कोळ्याचे पाय वजा कीटकाचे पाय. ‘ख’ म्हणजे मोराच्या पायाची पुढे वळलेली बोटे. ‘ग’ म्हणजे रोह्याच्या दुभंगलेल्या खुराचे भाग. उत्तर 15.232.

प्रश्नांचा हा क्रम सहज लावलेला नाही. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर. ‘क’ एकाने चुकला तर मुले 185 मीटर दूर, कोणाच्या तरी कपाशीत किंवा कठडा नसलेल्या विहिरीजवळ पोचतील. ‘ख’ चुकला तर साडेअठरा मीटर. खुरामागची छोटी नखे धरून कोणी ‘ग’ 4 मोजला, तरी फरक पावणेचार मीटरचाच पडतो. म्हणून वाद होण्याजोगा प्रश्न शेवटी ठेवावा आणि निःसंशय उत्तराचा पहिला.

पडताळ्यासाठी ‘आकड्यांची बेरीज 7’ असे सांगता येते. पण 232 ऐवजी 322 लिहिले तरी बेरीज 7 च येते आणि जागा 166 मीटर सरकते. त्याऐवजी पहिल्या आकड्याला 1 ने, दुसऱ्याला 2 ने, तिसऱ्याला 3 ने गुणून बेरीज घ्यावी. बरोबर उत्तराची 14 येते, चुकीच्याची 13. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकातली युक्ती याच जातीची आहे. (हे मुलांनाच शोधू दिले तर एक तास मजेत जातो.)

डब्याबद्दल थोडेसेच. खाऊ ठेवू नये, वासाने रानडुकरे आणि माकडे येतात. पुरू नये, झाडाला खिळा मारू नये. दगडांच्या फटीत तर मुळीच ठेवू नये, तेथे विंचू आणि फुरसे असतात. वाटेलगतच्या झाडाच्या बेचक्यात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, हात घालण्याआधी आत दिसेल असा ठेवावा. वर ‘शाळेचा खेळ’ असे ठळक लिहावे, नाहीतर बेवारस डबा म्हणून गावात घबराट व्हायची. शेतमालकाची परवानगी घ्यावी, वनजमीन असेल तर वनखात्याची. रोही आणि डुकरे पहाटे व तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, तेव्हा खेळ सकाळी आठनंतर सुरू करावा आणि दुपारपर्यंत आटोपावा. काळी माती वाळल्यावर, दिवाळीनंतर डबा ठेवावा. होळीच्या सुमारास पाणवठे आटू लागले की तो काढून आणावा.