न शिकलेल्या हाताला किती दान?

अवकाशयानाचा पायलट बेशुद्ध पडलाय, यान ग्रहाच्या वातावरणात शिरतंय आणि नियंत्रणाच्या खुर्चीत बसलाय यानावरचा स्वयंपाकी. त्याने आयुष्यात कधी यान चालवलेलं नाही. त्याची भूमिका करणाऱ्या खेळाडूच्या मुठीत दोन फासे आहेत. ज्याला जे येतच नाही, ते त्याला जमण्याची शक्यता किती धरायची?

कादंबरीकाराला हा प्रश्न टाळता येतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम तयार करणाऱ्याला मात्र त्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. म्हणून या खेळांच्या नियमपुस्तकांत, शस्त्रांच्या आणि राक्षसांच्या तक्त्यांमागे, माणूस शिकतो म्हणजे नेमकं काय होतं याबद्दलचा एक विचार दडलेला असतो. मला ही या खेळांची सर्वांत सुंदर बाजू वाटते.

वरचा प्रसंग 'ट्रॅव्हलर'मध्ये सहज घडेल असा आहे. मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ साली आला. मोंगूस पब्लिशिंगने २००८ मध्ये काढलेली त्याची आवृत्ती समोर ठेवू. दोन फासे टाकायचे, त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा, बेरीज ८ किंवा जास्त आली की काम फत्ते. कौशल्य मुळीच नसेल तर बेरजेतून ३ वजा. (बुद्धी, चपळाई वगैरेंची अधिकउणी बेरीज तूर्त बाजूला ठेवू.) दोन फासे एकूण ३६ प्रकारे पडू शकतात. स्वयंपाक्याला ११ किंवा १२ हवेत, आणि ते येतात तीनच प्रकारे: पाच-सहा, सहा-पाच, सहा-सहा. म्हणजे शंभरात जेमतेम ८ वेळा.

आता समजा, या स्वयंपाक्याने कधीकाळी पायलटशेजारी बसून थोडंफार शिकून घेतलं होतं. ट्रॅव्हलरमध्ये कौशल्याची पहिली पायरी एक नाही, शून्य आहे! शून्य म्हणजे नुसती तोंडओळख. बेरजेत काही मिळवायचं नाही, पण ते वजा ३ पुसलं जातं. आता फाशांवर ८ पुरतात. ते किंवा त्याहून मोठं दान १५ प्रकारे पडतं, म्हणजे शक्यता जवळजवळ ४२ टक्के. आठावरून थेट बेचाळीस! पुढे कौशल्य १ झालं की ५८, २ झालं की ७२, ३ झालं की ८३. दर पायरीची उडी आधीच्यापेक्षा लहान होत जाते, आणि सगळ्यांत मोठी उडी असते ती शून्यावर पोचण्याची. पात्र पहिल्यांदा नोकरीला लागलं की त्याला त्या पेशाची मूलभूत कौशल्यं शून्य पातळीवर मिळतात. नवा खेळाडू ती शून्यांची रांग बघून हिरमुसतो. त्याने एकदा हे ३६ प्रकार कागदावर मांडून बघावेत.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हे नाट्य कमी आहे. तिथे वीस बाजूंचा एकच फासा, प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता सारखीच. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नवशिक्या पात्राला शिकलेल्या कामात २ जास्त मिळतात, म्हणजे सरसकट १० टक्क्यांचा फरक. पंडिताला न वाचता आलेला शिलालेख आडदांड लढवय्याने वाचला, असं म्हणूनच तिथे वारंवार घडतं. मजा येते, पण विद्येची किंमत फार कमी लावल्यासारखं वाटतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने काही कौशल्यांचं दार न शिकलेल्यांना पूर्ण बंदच ठेवलं होतं. स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स'ने (१९८६) आणखी बारकाईने विचार केला. आखूड तलवार चालवणाऱ्याला लांब तलवार थोडी कमी सफाईने का होईना, चालवता येते. कराटे मात्र शिकल्याशिवाय येतच नाही.

सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ कथुलू'चा (१९८१) पात्र-कागद हातात घेतला की मी दर वेळी थबकते. प्रत्येक कौशल्यापुढे काहीही न शिकलेल्या माणसाचे टक्के आधीच छापलेले असतात. सातव्या आवृत्तीत प्रथमोपचार ३०, पोहणं २०, कायदा ५, वैद्यक १, विमान चालवणं १. जखमेवर पट्टी बांधणं माणसाला आजूबाजूच्यांकडे बघून बरंचसं येतं, शस्त्रक्रिया येत नाही. त्या स्तंभात सामान्य माणसाचं चित्रच उभं राहतं. शून्यावर असतं ते कथुलूच्या अमानवी विश्वाचं ज्ञान. ते जितकं वाढेल तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते.

याच कागदावर कौशल्यांपुढे छोटे चौकोन असतात. ही युक्ती १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'पासून चालत आलेली. कौशल्य वापरताना शंभराच्या फाशावर आपल्या टक्क्यांइतकं किंवा त्याहून कमी दान पडलं की यश, आणि यश मिळालं की चौकोनात खूण करायची. नंतर त्या कौशल्यासाठी पुन्हा शंभराचा फासा टाकायचा, पण या वेळी उलटा: दान आपल्या टक्क्यांपेक्षा जास्त पडलं, तरच कौशल्य वाढतं. जितकं जास्त येतं, तितकं पुढचं शिकणं अवघड.

आता दोन्ही अटी एकत्र धरा. एका प्रयत्नातून काही शिकण्याची शक्यता, ९० टक्के येत असेल तर ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ९ टक्के. २० टक्के येत असेल तर १६. ५० टक्क्यांना ती २५ वर पोचते, आणि याहून जास्त कुठेच होत नाही. आपण सर्वांत भराभर शिकतो ते अर्ध्या वेळा जमणारं आणि अर्ध्या वेळा फसणारं काम करताना, हे एवढ्याशा चौकोनातून निघतं! चांगला शिक्षक विद्यार्थ्याला नेमकी अशीच गणितं घालतो.

वैद्यकात १ टक्का असलेल्याची मात्र पंचाईत होते. शंभर प्रयत्नांत एकदा यश, तेव्हा एकदाची खूण. नुसत्या धडपडीने तो वर येणार नाही, त्याला गुरू हवा. रूनक्वेस्टने त्याचीही सोय केली आहे: तिथे व्यावसायिकांचे संघ पैसे घेऊन शिकवतात, खिशात पैसे नसले तर उधारीवरही. त्यामुळे नवखं पात्र पहिल्या मोहिमेला निघतं तेव्हा संघाचं कर्ज बहुधा त्याच्या डोक्यावर असतं.