स्वयंपाकघराच्या खिडकीत काय लावावे?

नवरात्रात तुळजापुरात घराघरांतून घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत गहू-ज्वारी पेरायची, मध्ये घट ठेवायचा आणि रोज पाण्याचा हबका मारायचा. दसऱ्यापर्यंत धान वीतभर वाढते. पण ते कसे असते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? पिवळसर, नाजूक आणि एका अंगाला कललेले. तेच दाणे अंगणात पेरले असते तर रोपे बुटकी राहिली असती, पण गर्द हिरवी आणि ताठ झाली असती. देवघरात ऊन नसते. अंधारातले रोप उजेडाच्या शोधात अंगातले सारे बळ उंच होण्यात खर्च करते. पान हिरवे करायला त्याच्यापाशी काही उरत नाही.

म्हणजे झाडाच्या जिवाचा पहिला हिशेब उन्हाचा. ज्यांच्या स्वयंपाकघराला ऊन येणारी खिडकी आहे, त्यांचा निम्मा प्रश्न सुटलेला असतो. पण पुष्कळदा आपली सुरुवातच उलटी होते. आपण रोपवाटिकेत जातो, डोळ्यांत भरेल ते रोप घेतो, खिडकीत ठेवतो, आणि चैत्र सरायच्या आत त्याची पाने करपतात. मग आपण म्हणतो, ‘आमच्या हाताला झाडाचा गुणच नाही!’ खरे म्हणजे हाताचा काहीच दोष नसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, तसेच ऊन पाहून रोप आणावे. आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाणी.

आधी उन्हाचे पाहू. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर, साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. याचा खिडकीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध मोठा आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरतच नाही. आणि डिसेंबरात? तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, जवळपास तितकेच ऊन दुपारी घरात आत येते. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत ‘दक्षिणेची खिडकी सर्वांत उन्हाची’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे ते हिवाळ्यापुरते खरे आहे.

पूर्वेची खिडकी सर्वांत गुणी. सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारच्या आत सावली येते. पश्चिमेची खिडकी तापट. तिच्यात उन्हाळ्याच्या दुपारी दोनपासून ऊन येते, तेही हवा सर्वांत तापलेली असताना. त्यात लोखंडी गज, सिमेंटचा कट्टा आणि काच असली, तर कुंडीतली मुळे अक्षरशः भाजून निघतात.

तेव्हा रोप आणण्याआधी एक सोपे काम करा. सुट्टीच्या दिवशी खडू घ्या आणि सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता ऊन कट्ट्यावर कुठवर आले आहे त्याची खूण करा. एकूण किती तास ऊन मिळते ते मोजा. हेच काम एकदा मार्गशीर्षात आणि एकदा वैशाखात केले, की तुमच्या खिडकीची कुंडली तयार झाली. समोरच्या घराची भिंत मध्ये येत असेल, तर तीही या खुणांत आपोआप दिसेल. मंदिराकडे उतरणाऱ्या दाट वस्तीत घराला घर लागून असते. तिथे ही परीक्षा केल्याशिवाय काही लावूच नये.

आता पाण्याचे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर आपण डोळ्यांनी पाहिले. ज्या घरात उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी वापरावे लागते, त्या घरात खिडकीतले झाड हा पाहुणा ठरता कामा नये. त्याने घरातल्यासारखे उरल्यासुरल्यावर राहिले पाहिजे. म्हणून नियम असा ठेवावा की खिडकीतल्या झाडांना वेगळे पाणी द्यायचे नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, पाहुण्यांच्या पेल्यात उरलेले पाणी, एवढ्यावर जी झाडे जगतील तीच लावायची.

मात्र मिठाचे किंवा साबणाचे पाणी घालू नका. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही रोज घालू नका, कारण त्यात क्षार साठलेले असतात. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते. ती दिसली की पावसाळ्यात कुंडी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवावी. पावसाचे पाणी क्षार धुऊन नेते.

आता रोपे निवडू. खिडकी पूर्वेची असेल, तर पुदिना आणि कोथिंबीर या दोघांचे ते माहेर समजा. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा. आठवडाभरात मुळे फुटतात, मग मातीत लावा. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाका करून पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतात. पण कोथिंबीर गणपतीनंतर पेरावी आणि माघ संपेपर्यंतच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी. ऊन वाढले की ती पाने सोडून फुलावर येते. मेथी त्याहून सोपी. डब्यातले मेथीदाणे रात्री भिजवून पेरले, की तीन-चार दिवसांत वर येतात आणि तीनेक आठवड्यांत वरणात टाकण्यापुरती भाजी होते.

दक्षिणेच्या खिडकीत हिवाळाभर चार-पाच तास ऊन मिळत असेल, तर एखादे मिरचीचे रोप लावून पाहायला हरकत नाही. खिडकीत वारा कमी लागतो, म्हणून फुले आली की फांदी बोटाने हलकेच टिचकवावी, म्हणजे फळ धरते. वैशाखाच्या तापात मिरचीची फुले गळतात. तो रोग नव्हे, बरं का! हवा उतरली की ती पुन्हा धरतात.

आणि पश्चिमेची खिडकी? तिच्यासाठी कोरफड आणि पानओवा ही जोडी ठेवा. कोरफडीची युक्ती ऐकण्यासारखी आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात, आणि तेव्हा त्यांचे पाणी उडून जाते. कोरफड ती छिद्रे दिवसा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेली हवा साठवून दिवसाच्या उन्हात तिचे अन्न करते. म्हणूनच आठ-दहा दिवस पाणी नसले तरी ती कुरकुरत नाही. पानओवा म्हणजे मसाल्यातला ओवा नव्हे, ते झाड निराळे. याची पाने जाड, लुसलुशीत आणि वासाला ओव्यासारखी असतात, म्हणून हे नाव. शेजारणीकडून एक फांदी मागून आणा आणि मातीत खोचा, लागलीच म्हणून समजा. त्याची भजी पावसाळ्यात करून पाहा.

ज्यांच्या घराला अंगण राहिले नाही, त्यांची तुळसही या खिडकीत येते. तिला चार तास तरी ऊन हवे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती पसरते आणि बरेच दिवस टिकते. मंजिऱ्या पिकू दिल्या तर बी धरून ती लवकर थकते. कढीपत्त्याचा मोह मात्र आवरा. ते मुळात झाड आहे. दोन-तीन वर्षे शेंडा खुडून ठेवता येईल, पण पुढे त्याला जमीनच द्यावी लागते.

काही रोपे मुद्दाम टाळायची. स्वयंपाकाच्या घाईत हात न बघता खिडकीकडे जातो आणि लहान मुलेही पाने तोंडात घालतात. म्हणून कण्हेर, सदाफुली अशी विषारी झाडे इथे नकोत. ती कितीही फुलली तरी त्यांची जागा बाहेर. मनीप्लांटही नको. त्याचा चीक तोंडाची आग करतो, शिवाय कडक उन्हात त्याची पाने भाजतात. या खिडकीत जे असेल ते खाण्याजोगेच असावे, म्हणजे चूक झाली तरी चिंता नाही.

मातीबद्दल दोन शब्द. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी असली, तरी कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेच्या भेगेतून खाली निघून जाते आणि मधली मुळे कोरडीच राहतात. आपल्याला वाटते, रोज पाणी घालतो, तरी झाड का वाळते? त्यावर उपाय म्हणजे एक भाग काळी माती, एक भाग वाळू आणि एक भाग मुरलेले शेणखत. कोरफडीला वाळू थोडी जास्त. घट उठल्यावर उरणारी मातीही या मिश्रणात घालता येते.

मातीची कुंडी माठासारखी पाझरते, म्हणून मुळे गार राहतात, पण ती पाणी जास्त पिते. प्लास्टिकच्या डब्यात पाणी टिकते, पण तो तापतो. पश्चिमेला डबा ठेवायचा असेल तर भोवती गोणपाट गुंडाळा. कोणत्याही भांड्याला खाली भोक हवेच. कुंडी शेगडीपासून हातभर तरी दूर ठेवा. फोडणीच्या वाफेने पानांवर तेलकट थर बसतो, तो महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नको.

शेवटी अवघड गोष्ट सांगतो. एखाद्या वर्षी चैत्रातच नळ आठवड्यावर जातो, टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात. तेव्हा कुणाला ठेवायचे आणि कुणाला सोडायचे, हे आधी ठरलेले असावे. कोथिंबीर-मेथी केव्हाच संपलेली असेल. मिरची काढून टाका, वाईट वाटून घेऊ नका. पुदिना जमिनीलगत कापून सावलीत ठेवा, ओंजळभर पाण्यावर त्याची मुळे तग धरतील. कोरफड, पानओवा आणि तुळस यांना तांदळाचे पाणी पुरते. मृगाचा पहिला पाऊस पडला की पुदिना पुन्हा वर येतो आणि रिकाम्या कुंड्या नव्या बियांची वाट पाहत असतात. भांडी घासता घासता मान वर केली आणि खिडकीत चार पाने हिरवी दिसली, एवढे झाले तरी उन्हाळा जरा हलका जातो. आणि त्यासाठी घरातली एक घागरही जास्त खर्च झालेली नसते.