गंगापूर खरंच कुणाचा बालेकिल्ला?

निवडणूक जवळ आली की गंगापूरच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपला भाग पहिल्यापासून बाणाचा", म्हणजे शिवसेनेचा. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, असं विचारलं की बोलणं अडतं.

गंगापूर ज्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात येतं, तिथून 1957 साली काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ निवडून गेले. 1977 मध्ये जनता पक्षाचे बापू काळदाते, 1980 मध्ये पुन्हा काँग्रेस, काझी सलीम. 1984 ची गंमत तर विसरलीच जाते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती आणि इथे मात्र शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर विजयी झाले. शिवसेनेचे मोरेश्वर सावे जिंकले 1989 मध्ये. त्यानंतरही 1998 साली काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आलेच. सलग वीस वर्षांचा काळ आहे तो 1999 ते 2019, चंद्रकांत खैरे यांचा.

दुसरा गैरसमज 2019 चा. एमआयएमचे इम्तियाज जलील जिंकले तेव्हा "मतदारच पालटला" असं सगळीकडे म्हटलं गेलं. आकडे वेगळं सांगतात. जलील यांना 3,89,042, खैरे यांना 3,84,550 मतं. फरक फक्त 4,492. आणि ट्रॅक्टर चिन्हावरचे अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी 2,83,798 मतं घेतली होती. ही मतं आभाळातून पडली नव्हती. 23 जुलै 2018 रोजी गंगापूर तालुक्यातल्याच कायगाव टोका इथे मराठा आरक्षणासाठी एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन प्राण दिला; पाठोपाठ जाधव यांनी आमदारकीचा राजीनामा दिला. त्या संतापाचा मोठा वाटा ट्रॅक्टरला गेला, असं मला वाटतं. शिवाय एमआयएमला तेव्हा वंचित बहुजन आघाडीची साथ होती. 2024 मध्ये ती नव्हती आणि जलील यांची मतं 3,41,480 वर आली.

मतदार खरोखर पालटतो तेव्हा काय दिसतं, ते अमेरिकेत पाहावं. केंटकी राज्यातली एलियट काउंटी 1869 साली स्थापन झाली आणि 2012 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षासोबत राहिली. 2016 मध्ये तिथे ट्रम्प यांना सुमारे 70 टक्के मतं पडली. आपल्याकडे 2019 ला असं काही घडलं नाही. 2024 चे आकडे घ्या: शिवसेनेच्या शिंदे गटाचे संदीपान भुमरे 4,76,130, ठाकरे गटाचे खैरे 2,93,450. दोन्ही मिळून साडेसात लाखांवर. फुटला तो पक्ष.

"लोकसभेला जो, विधानसभेला तोच" हेही खरं नाही. 2009 मध्ये लोकसभेला शिवसेनेचे खैरे जिंकले. त्याच वर्षी गंगापूर विधानसभेत शिवसेनेच्या अण्णासाहेब मानेंना अपक्ष प्रशांत बंब यांनी हरवलं. 2014 ला बंब भाजपकडून उभे राहिले आणि तेव्हापासून भाजपचे आमदार आहेत. पण 2024 मध्ये राष्ट्रवादीच्या (शरद पवार) सतीश चव्हाणांनी त्यांना जवळजवळ गाठलंच होतं. फरक सुमारे पाच हजारांचा.

आणखी एक घोळ नकाशाचा आहे. गंगापूर तालुका आणि गंगापूर मतदारसंघ एक नव्हेत. विधानसभेला खुलताबाद तालुका गंगापूरसोबत मतदान करतो, तर गंगापूर तालुक्याचा काही भाग दुसऱ्या मतदारसंघात जातो. तालुका आणि मतदारसंघ एकच धरून जो निष्कर्ष काढेल, तो फसेल.

निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे असतात. आपल्या गावाला कुणाचाही बालेकिल्ला म्हणण्याआधी ते एकदा काढून बघा.