गुणाकाराच्या आधी

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात गाडीचा नवा सुटा भाग तयार होताना डिझाइन, उत्पादन आणि क्वालिटीची माणसं बसून एफएमईएचा, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांच्या परिणामांच्या विश्लेषणाचा, तक्ता भरतात. भाग कसा बिघडेल, त्याचा परिणाम काय, कारण काय आणि ते वेळेत पकडता येईल का, हे लिहून गांभीर्य, वारंवारता आणि पकड यांना 1 ते 10 गुण द्यायचे. वर्षानुवर्षं या तिन्हींचा गुणाकार, म्हणजे आरपीएन, हाच जोखमीचा निकाल मानला गेला. पण जिवावर बेतणारा, क्वचित होणारा बिघाड 10, 2, 5 गुणांनी 100 वर थांबतो आणि नुसता त्रासदायक बिघाड 5, 5, 5 ने 125 वर जातो. कारवाईची मर्यादा 120 ची असली तर पहिला सुटला, दुसऱ्यावर बैठका! 2019 साली अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संयुक्त हँडबुकाने हा गुणाकार काढून गांभीर्याला अग्रक्रम दिला, हे बरंच झालं. तरी माझ्या मते जोखीम निसटते ती त्याही आधी, परिणामाच्या रकान्यात.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण पाहा. किल्ली फिरवायला लागणारा जोर ठरल्यापेक्षा कमी होता. जड जुडग्याने किंवा धक्क्याने ती चालत्या गाडीत सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग गेलं, एअरबॅगही उघडत नसे. कंपनीत मात्र तक्रारींची नोंद ग्राहकाची गैरसोय अशी झाली, आणि गैरसोयीवर खर्च करायला कोण तयार होणार? 2006 मध्ये भाग सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे पुढच्या तपासाची दिशाच चुकली. रिकॉल झाला 2014 मध्ये, सुमारे 26 लाख गाड्यांचा. भरपाई योजनेने 124 मृत्यू ग्राह्य धरले.

सगळीकडेच गांभीर्याला 9-10 गुण दिले तर एकही भाग बाजारात जाणार नाही, असं यावर म्हटलं जातं. पण 10 गुण म्हणजे काम थांबवा असं नव्हे. तपासणी वाढवून पकडीचे गुण सुधारतात, गांभीर्याचे नाहीत. तिथे डिझाइनलाच हात घालावा लागतो, आणि खरी नाखुशी त्याचीच असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एअरबॅग स्विचवर अवलंबून आहे हे स्विच पाहणाऱ्या अनेकांना ठाऊकच नव्हतं. हे खरंच आहे. सुटा भाग पुरवणाऱ्याच्या हातात फक्त ड्रॉइंग असतं, गाडी नसते. म्हणून परिणामाचा रकाना भरताना गाडी कंपनीचा डिझाइनर टेबलाशी हवा. तो नसला की मागच्या प्रोजेक्टची फाइल उघडून तेच गुण उतरवले जातात, आणि ऑडिटमध्ये तक्ता बिनचूक ठरतो.